महालक्ष्मीचं जेवण आणि कार्डावरचं ‘मिनिमम’

प्रश्न : ज्येष्ठा-कनिष्ठा महालक्ष्मी आमच्याकडे अकोल्याला बसतात. दुसऱ्या दिवशी जेवायला ४५ माणसं असतात. सासूबाई गेल्यापासून स्वयंपाक आणि खर्च दोन्ही माझ्याकडेच आहे. आम्ही चार जावा. यंदा कॅटरर ४५० रुपये ताटाने करून देतोय. त्याला द्यावं की जावांमध्ये कामं वाटावीत? पैशाची अडचण नाही, क्रेडिट कार्ड आहे. मागच्या वर्षीचे ३८ हजार त्यावरच केले, ‘मिनिमम’ म्हणजे बिलावर लिहिलेली किमान रक्कम दर महिन्याला न चुकता भरते. तेवढं भरलं की सिबिलला (कर्जफेडीची पत दाखवणाऱ्या गुणांना) धक्का लागत नाही, असं कार्ड देणाऱ्याने सांगितलं होतं. दीड लाखाची एफडी आहे, ती मोडायची नाही. दिवाळीच्या बोनसमध्ये कार्ड फिटेल.

उत्तर : ताई, पैशाची अडचण आहे, आणि ती कॅटररच्या बिलापेक्षा मोठी आहे. आधी तीच बघू.

३८ हजारांचं ५ टक्के मिनिमम म्हणजे महिना १९०० रुपये. कार्डाचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के. महिन्याला, वर्षाला नाही! म्हणजे १३३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून जवळपास १५७०. तुमच्या १९०० मधून मुद्दल फिटतं जेमतेम ३३० रुपये. वर्षभरात २१-२२ हजार भरूनही ३४ हजारांवर बाकी आहे. बिल काढून बघा, आकडा असाच काहीसा असेल. फक्त मिनिमम भरलं तर कर्ज लांबतं आणि व्याजावर व्याज चढतं, हा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्याच बिलावर छापलेला असतो. सिबिलची गोष्ट सांगणाऱ्याने हे सांगितलं नाही, याचा मला राग येतो. अर्धं खरं सांगून कार्डं खपवली जातात आणि नियमाने भरणारी माणसंच त्यात अडकतात.

आणखी एक. जुनी बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. यंदाची डाळ, तूप, साड्या यांवर पहिल्या दिवसापासून व्याज लागेल.

बोनसची वाट बघू नका. गेल्या दिवाळीतही बोनस आला असेल, पण कार्ड फिटलं नाही. एफडीतले ३५ हजार वर्षाला सात टक्क्यांनी अडीच हजार देतात, तेवढीच बाकी कार्डावर वर्षाला १७ हजार खाते. या आठवड्यात ३५ हजारांची एफडी मोडा. बँक थोडीच मोडू देत नसेल तर सगळी मोडा आणि उरलेली त्याच दिवशी पुन्हा ठेवा. मुदतीआधी मोडल्याचा एखादा टक्का कापला जाईल, जाऊ द्या. मिनिममचे १९०० पुढच्या महिन्यापासून आरडीत, म्हणजे दरमहा भरायच्या ठेवीत टाका. दीड वर्षात एफडी भरून निघेल.

आता जेवण. कॅटरर म्हणजे २० हजार. घरी केलं तर किराणा, भाजी, दूध, तूप धरून नऊ-दहा हजारांत बसावं, घरटी अडीच हजार. माझं मत घरीच करा, पण एकटीने नाही. नैवेद्याचं सोवळ्यातलं तुमच्याकडे राहू द्या. ९० पुरणपोळ्यांना तीन किलो हरभरा डाळ लागेल. पुरण एका जावेने आदल्या रात्री शिजवून वाटून ठेवावं. सोळा भाज्या निवडणं-चिरणं दुसरीकडे, आंबील, कढी, वडे तिसरीकडे. ज्या जावेला कामातून सुट्टी मिळत नाही तिने पोळ्या लाटायला बाई लावून द्यावी आणि तिची मजुरी द्यावी, हाही वाटाच आहे.

पैसे मागायला संकोच वाटत असेल तर रक्कम तोंडी मागू नका. यादी करून कुटुंबाच्या ग्रुपवर टाका, महालक्ष्म्या बसायच्या महिनाभर आधी. सासूबाईंच्या वेळी त्यांचा शब्द चालायचा. आता चौघींनी मिळून ठरवायचं आहे. कोणी अडीच हजारांत हात आखडता घेतला तर साड्या-सजावट कमी करा, कार्ड काढू नका.

कार्ड भरल्यावर पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल. तेही भरा, बाकी शून्य दिसेपर्यंत त्यावर एक रुपयाची खरेदी करू नका.