लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा का होतो?

प्रश्न : माझं वय ५६, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. वर्षभरात चार वेळा लघवीला जळजळ झाली. अँटिबायोटिकनं बरं वाटतं, पण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. गेल्या वेळी घरात उरलेल्या गोळ्याच घेतल्या. काय चुकतंय?

उत्तर : उरलेल्या गोळ्या घेणं आधी थांबवा. अर्धवट डोसानं जंतू पुरते मरत नाहीत, आणि नंतर कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) केलं तर त्यात बऱ्याचदा काही उगवतही नाही. मग कोणतं औषध लागू पडेल हे कळायचं कसं?

पुढच्या वेळी पहिल्या गोळीआधी लघवीचं कल्चर करा. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्या आणि दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर राहिली की जंतू वाढतात आणि रिपोर्ट फसवतो.

सगळे रिपोर्ट जपून ठेवा. कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू परतला, तर तो बहुधा गेलेलाच नसतो. अशा वेळी सोनोग्राफीत मूतखडा आहे का, लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे पाहावं लागतं. तुमच्यासारखं महिन्यांच्या अंतरानं होतं तेव्हा बहुतेकदा ती नवी लागण असते.

तुमच्या वयात तिचं कारण अनेकदा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची (हार्मोनची) कमतरता असतं, आणि नेमकं हेच विचारायचं राहून जातं. इस्ट्रोजेन घटलं की योनिमार्गातले उपयोगी लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात, तिथली आम्लता उतरते आणि आतड्यातला ई. कोलाय हा जंतू तिथे ठाण मांडतो. तिथून मूत्रमार्ग अगदी जवळ. योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी जरूर बोला. साधारणपणे दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा ते लावतात. फरक पडायला दोन-तीन महिने लागू शकतात, त्यामुळे मध्येच सोडू नका. तोंडानं घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी हा फायदा होत नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असेल किंवा कारण न समजलेला रक्तस्राव होत असेल, तर ते आधी सांगा.

एवढ्यानं भागलं नाही तर मेथेनामाइन हिप्युरेट १ ग्रॅम दिवसातून दोनदा, हा अँटिबायोटिक नसलेला पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. रोजचं कमी डोसाचं अँटिबायोटिक त्यानंतर.

काही त्रास नसताना 'खात्रीसाठी' कल्चर करू नका. लक्षणं नसलेल्या जंतूंना, गर्भारपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया सोडली तर, सहसा औषध लागत नाही. पण थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं किंवा उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.