बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को विमानानं किती अंतर, किती तास?

तुम्ही विचारलंय की आई-बाबा पहिल्यांदाच बेळगावहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेत, बेंगळुरूवरनं, तर अंतर किती आणि वेळ किती धरायचा. दोन्ही एअरपोर्टमधलं सरळ अंतर जवळपास १४,००० किमी. थेट विमान मिळालं तर जाताना साधारण १६ तास, येताना १७ च्या आसपास. वर उंचावर वारं पश्चिमेकडनं पूर्वेकडं वाहतंय, पॅसिफिकवरनं जाताना ते मागनं ढकलतंय, म्हणून हा फरक. दुबईवरनं गेलात तर आधी ४ तास, मग परत १६, आणि मधी बसून राहायचं ते वेगळं.

फक्त तिकिटावरच्या वेळा बघून हिशोब करू नका, तिथंच सगळे फसतात. मी २०२३ च्या मे मध्ये आईला घेऊन भावाकडं गेलतो, तिकिटावर दुपारी २ ला निघणार आणि त्याच तारखेला संध्याकाळी साडेपाचला उतरणार असं. आई म्हणाली, अगं बाई, एवढ्यात तर आपण चोर्ला घाटातनं गोव्याला पोचतो! आता तिला कसं सांगायचं, की उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं असतंय आणि थंडीत साडेतेरा. शेवटी पुतणीचा पृथ्वीचा गोल घेतला आणि दोन्ही गावांना दोरा ताणून लावून दाखवला, तर दोरा पार वर उत्तरेकडं सैबेरियावरनं गेला. भिंतीवरच्या नकाशात बघून हे कधीच कळत नाही.

आणि बेळगाव ते बेंगळुरू हे ५०० किमी विसरू नका हं. आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला घर सोडलं, रात्रभर रेल्वे, सकाळी स्टेशनवरनं देवनहळ्ळीचं एअरपोर्ट गाठायला आणखी ३५-४० किमी आणि बेंगळुरूचं ट्रॅफिक, मग तीन तास आधी जाऊन लाईनीत उभं. घर सोडल्यापासनं तिकडं उतरेपर्यंत मोजलं तर ३५ तास झाले. सांब्र्याहून, म्हणजे बेळगावच्या एअरपोर्टवरनं, विमानानं बेंगळुरू तासाभराचंच आहे, पण दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर त्याच दिवशीच्या विमानावर भरवसा ठेवू नका. आमच्या एका पाहुण्याचं जुलैत पावसानं सांब्र्याचं विमान रद्द झालं आणि पुढचं अमेरिकेचं तिकीट गेलं ते गेलंच. सगळं एकाच तिकिटात काढा, नाहीतर एक दिवस आधी जाऊन ओळखीच्यांकडं राहा.

येताना तर वेगळीच गंमत. रविवारी रात्री साडेआठला तिकडनं निघालो आणि इथं उतरलो मंगळवारी पहाटे दोनला, सोमवार सगळा हवेतच गेला. आईचा सोमवारचा उपास असतो. मी म्हटलं, विमानातलं जेवण नको म्हण, झाला उपास. तर ती गप्पच, तोवर पनीर-भात खाऊन झालता.