बर्लिनचा राजवाडा खरंच तीनशे वर्षं जुना आहे का?

तुम्ही विचारलंय की बर्लिनच्या मधोमध असलेला बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातली, भरपूर नक्षीची युरोपीय शैली) राजवाडा खरंच तीनशे वर्षं जुना आहे का, आणि तसं असेल तर नदीकडची बाजू एवढी सपाट, आधुनिक कशी? मी सहा वर्षं या शहरात राहतोय आणि या इमारतीने मला बरंच छळलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आज दिसतो तो वाडा २०२० मध्ये पुरा झाला. रूप मात्र १७०० च्या सुमाराचं. त्याआधीही इथे पंधराव्या शतकापासूनचा वाडा होताच. बर्लिनभोवतीच्या ब्रांडेनबुर्ग संस्थानाचा शासक तिसरा फ्रीडरिश याला राजा व्हायचं होतं, आणि राजाला शोभेल असं घर हवं होतं. वास्तुकार आंद्रेआस श्ल्यूटरने जुन्या वाड्याला भव्य बरोक रूप दिलं. १७०१ मध्ये फ्रीडरिश प्रशियाचा राजा झालाही.

९ नोव्हेंबर १९१८ ला राजेशाही कोसळली. त्याच दिवशी समाजवादी नेता कार्ल लीबक्नेश्टने या वाड्याच्या चौथ्या दरवाजावरून समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केलं. हा दरवाजा लक्षात ठेवा.

फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात वाडा जळाला, पण भिंती उभ्या होत्या. युद्धानंतर आत प्रदर्शनंसुद्धा भरली. म्हणजे तो वाचवता आला असता. पण पूर्व जर्मनीच्या समाजवादी सरकारला प्रशियाच्या राजेशाहीची खूण नको होती, आणि संचलनाला मैदान हवं होतं. १९५० मध्ये सुरुंग लावून त्यांनी वाडा पाडला. चौथा दरवाजा मात्र लीबक्नेश्टमुळे त्यांना पवित्र होता. तो वाड्याजवळच्या चौकाच्या दक्षिणेला, १९६४ मध्ये पुऱ्या झालेल्या पूर्व जर्मनीच्या राज्य परिषदेच्या इमारतीत बसवला.

रिकाम्या जागेवर १९७६ मध्ये ‘पालास्ट डेर रेपुब्लिक’ (प्रजासत्ताकाचा वाडा) उघडला. तांबूस आरसेकाचांची ही इमारत म्हणजे पूर्व जर्मनीची संसद, पण तिथेच उपाहारगृहं, बोलिंग, मोठं सभागृह. पूर्व बर्लिनच्या कितीतरी लोकांच्या आयुष्यातल्या चांगल्या संध्याकाळी तिथे गेल्या. पश्चिम जर्मनीत सामील व्हायचा ठरावही ऑगस्ट १९९० मध्ये तिथल्याच संसदेने केला. महिन्याभरात बांधकामातल्या अ‍ॅस्बेस्टॉस या आरोग्याला घातक खनिज तंतूंमुळे इमारत बंद झाली.

माझा राग इथे आहे. अ‍ॅस्बेस्टॉस २००३ पर्यंत काढून झाला होता, तरी २००६ ते २००८ मध्ये इमारत पाडलीच. पश्चिम बर्लिनमधल्या त्याच काळातल्या आयसीसी या अधिवेशन केंद्रातही अ‍ॅस्बेस्टॉस आहे, ते अजून उभं आहे. १९५० ची चूक सुधारतो म्हणत तीच चूक दुसऱ्यांदा केली, असं मला मनापासून वाटतं. ज्यांचं तारुण्य त्या इमारतीत गेलं, त्यांना फारसं कुणी विचारलं नाही.

नव्या वाड्याचा निर्णय एकत्र झालेल्या जर्मनीच्या संसदेने २००२ मध्येच घेतला होता. तीन बाजू श्ल्यूटरच्या वाड्यासारख्या, वालुकाश्मात पुन्हा कोरलेल्या. नदीकडची चौथी बाजू इटालियन वास्तुकार फ्रांको स्टेला यांची, म्हणूनच ती सपाट. कारागिरांचं काम मात्र अप्रतिम आहे, ते नाकारणार नाही. जुन्या फोटोंवरून त्यांनी नक्षीतलं एकेक पान, एकेक चेहरा घडवला.

बर्लिनला आलात तर वाड्याचा उत्तरेकडचा, नव्याने घडवलेला चौथा दरवाजा पाहा, मग वळसा घालून राज्य परिषदेच्या इमारतीपाशी या. दरवाजा तोच, पण तिथे बऱ्याच नव्या दगडांमध्ये काही मूळचे तुकडे आहेत. समाजवादी इमारतीच्या लालसर भिंतीत ते अजूनही आहेत.