वस्तरा पट्ट्यावर फिरवताना

नवा वस्तरा चांगला असूनही दाढी ओढल्यासारखी होते, अशी तुमची तक्रार असेल, तर सहाणेकडे वळण्याआधी चामड्याच्या पट्ट्यावरचा हात तपासून पाहावा. सहाण पोलाद झिजवून धार घडवते. पट्टा मात्र पोलाद जवळजवळ झिजवत नाही, तर दाढीत किंचित वाकलेली धारेची अतिसूक्ष्म कड पुन्हा सरळ करतो.

वस्तरा पट्ट्यावर सपाट ठेवावा, म्हणजे पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतील, आणि पाठ पुढे व धार मागे राहील अशा रीतीने तो सरकवावा. टोकाला पोहोचल्यावर धार उचलून वस्तरा पाठीवरच उलटवावा आणि मगच परत फिरावे. पाठीऐवजी धारेवर उलटवला, तर पट्ट्याला चीर पडते आणि धारही बोथट होते. माझ्या पहिल्या पट्ट्यावर अशा तीन चिरा आजही आहेत. पट्टा ताणून धरावा, कारण तो सैल पडून झोळ आला की चामडे धारेभोवती वळते आणि ती गोलसर होते. दाब वस्तऱ्याच्या वजनाइतकाच पुरे.

वेगाचा मोह टाळावा. न्हाव्याच्या हाताची ती फटफट ऐकायला छान वाटते, पण ती वर्षांच्या सवयीतून आलेली असते. दाढीपूर्वी पट्ट्याच्या कापडी बाजूवर सुमारे 20 आणि चामड्यावर 40 ते 50 फेऱ्या सावकाश माराव्यात. एवढे करूनही केस ओढले जात असतील, तर मात्र सहाण काढावी.