नुसतं चालणं हृदयासाठी पुरेसं आहे का?

तुम्ही लिहिलंय की वय ३९, दिवसभर खुर्चीत बसून काम, वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आलेला. जिमला जायला जमत नाही, तर नुसतं चालणं पुरेल का?

पुरेल, पण थोडा दम लागेल असं चाललात तर. मी डॉक्टर नाही. सहा वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली आणि त्याआधी बरीच वर्षं मी रोज संध्याकाळी चालत होतो. मित्रांबरोबर, गप्पा मारत, रमतगमत. न चालण्यापेक्षा ते बरंच, पण हृदयाला त्यात फारसं काम पडत नव्हतं. खूण सोपी आहे: चालताना बोलता यावं, गाणं मात्र म्हणता येऊ नये. या वेगाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम हवा. जोर-बैठका घरातल्या घरात होतात, त्याला जिम लागत नाही.

जिम नाही याची खंत करू नका, असं मी म्हणतो त्यामागे एक जुना अभ्यास आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, १९५३ साली ती प्रसिद्ध झाली. एकच बस, एकच शहर. ड्रायव्हर जवळजवळ पूर्ण पाळी बसून, आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. मग शंका आली की ड्रायव्हर मुळातच जाड असतील, म्हणून मॉरिस यांनी गणवेशाच्या पँटींची कंबरेची मापं तपासली. ड्रायव्हरांची मापं खरंच मोठी होती, पण कंबर कितीही असली तरी कंडक्टरांना त्रास कमीच होता. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

आमच्या पुण्यात पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. म्हणजे ते कंडक्टर कामाच्या ओघात रोज पाच-सात वेळा पर्वती चढत होते! हे वाचल्यापासून मी लिफ्ट सोडली. तुमच्या ऑफिसात जिना असेलच. फोनवर बोलताना उभं राहणं, एक स्टॉप आधी उतरणं, हे सगळं जमेस धरा, कारण सकाळी अर्धा तास चालून उरलेला दिवस खुर्चीत गेला तर बराच फायदा हातचा जातो.

नियमित व्यायामाने रक्तदाब उतरतो, शरीर इन्सुलिनला नीट दाद देतं, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी घटते, रक्तवाहिन्या लवचिक राहतात. वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल मात्र व्यायामाने फारसं खाली येत नाही. ‘मी रोज चालतो, मला गोळीची गरज नाही’ असं म्हणणारे बरेच भेटतात, त्यांचं ऐकू नका. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती आधी सोडा, चालण्याने तिची भरपाई होत नाही.

आणि एक कळकळीने सांगतो. चढावर छातीत दडपण यायचं, थांबलं की जायचं, आणि मी त्याला दोन महिने ॲसिडिटी म्हणत राहिलो. श्रमाने येणारं आणि विश्रांतीने जाणारं दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, कारण नसताना घाम, यातलं काही जाणवलं तर व्यायाम तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. थांबूनही दडपण गेलं नाही, तर घरी वाट बघत बसू नका, थेट हॉस्पिटल.

वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत झटका आला असेल तर डॉक्टर तो वेगळा धोका धरतात. म्हणून वेग वाढवण्याआधी रक्तदाब, साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि चरबी) तपासून घ्या, आणि वडिलांचे जुने रिपोर्ट घरात असतील तर तेही सोबत न्या.