माय.सीएनएफमध्ये बदल करूनही मायएसक्यूएल जुनाच आकडा का दाखवते?

इटीसी डिरेक्टरीतील माय.सीएनएफमध्ये, म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, मॅक्स_कनेक्शन्स (एकाच वेळी किती कनेक्शन्स चालतील ती मर्यादा) ५०० केले, सर्व्हर रीस्टार्टही केला, तरी १५१ च दिसते, असा तुमचा प्रश्न आहे. १५१ हा मायएसक्यूएलचा मूळचाच आकडा आहे. कोणत्याही फाइलने वेगळे काही सांगितले नाही, तर सर्व्हर तोच वापरतो. त्यामुळे तुमची ओळ दुसऱ्या एखाद्या फाइलने रद्द केली असण्यापेक्षा तुमची फाइल वाचलीच गेली नसावी, अशी शंका मला आधी येते.

लिनक्सवर मायएसक्यूएल पहिली फाइल सापडताच थांबत नाही. आधी इटीसीमधील फाइल, मग इटीसीतल्याच मायएसक्यूएल फोल्डरमधील, शेवटी युजरच्या होम डिरेक्टरीतील, अशा ज्या ज्या सापडतील त्या सर्व ते क्रमाने वाचते आणि एकच सेटिंग दोनदा आले तर नंतरचे धरते. आवृत्ती ८ मध्ये ‘सेट पर्सिस्ट’ या आदेशाने जतन केलेली मूल्ये डेटा डिरेक्टरीतील वेगळ्या फाइलमध्ये राहतात आणि ती या सगळ्यांवर मात करतात.

आता अंदाज बांधत बसण्यापेक्षा सर्व्हरलाच विचारा. आवृत्ती ८ मध्ये परफॉर्मन्स_स्कीमा या अंगभूत डेटाबेसमधील व्हेरिएबल्स_इन्फो हे टेबल प्रत्येक सेटिंगचा उगम आणि फाइलचा पूर्ण पाथ दाखवते. मॅक्स_कनेक्शन्ससमोर ‘कम्पाइल्ड’ असे दिसले, तर ते मूल्य कोणत्याही फाइलमधून आलेले नाही. अशा वेळी तुमची ओळ फाइलमधील सर्व्हरसाठीच्या ‘मायएसक्यूएलडी’ या विभागाखालीच आहे ना, हे आधी पाहावे आणि मग फाइलच्या परवानग्या तपासाव्यात.

परवानग्यांपायी माझा स्वतःचा अर्धा दिवस गेला आहे. विंडोजवरच्या फोल्डरातील फाइल मी डॉकर कंटेनरला (सर्व्हर वेगळा ठेवून चालवणाऱ्या बंदिस्त पेटीला) जोडली होती आणि आत तिची परवानगी ७७७, म्हणजे सर्वांना लिहिण्यासाठी खुली, झाली होती. कोणीही लिहू शकेल अशी कॉन्फिग फाइल मायएसक्यूएल सुरक्षेसाठी वगळते, त्याबद्दल एका ओळीचा इशारा देते आणि निमूटपणे सुरू होते. पाथ बरोबर, मजकूर बरोबर, आणि मी आपला आकडे बदलून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करत बसलो होतो! फाइल इमेजमध्येच (ज्यावरून कंटेनर तयार होतो त्या साच्यात) कॉपी करून परवानगी ६४४, म्हणजे फक्त मालकालाच लिहिता येईल अशी, केली, तेव्हा काम झाले.

मात्र १५१ ऐवजी २१४ दिसू लागले, तर फाइल वाचली जात आहे असे समजा. तिथे सर्व्हरला मिळालेली १०२४ उघड्या फाइल्सची मर्यादा आड येत असते आणि ती सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सर्व्हिस फाइलमध्ये वाढवावी लागते.