लेबलावरची किमतीची ओळ

प्रश्न : माझे मामा लंडनला नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत बीटल्सची ‘प्लीज प्लीज मी’ ही एल.पी. (लाँग प्ले रेकॉर्ड) सापडली. लेबल काळं, अक्षरं पिवळी, खाली १९६३ छापलंय. एक विक्रेते म्हणतात, पहिल्या छपाईची आहे, दाम चांगला येईल. खरं का? लेबलाचा फोटो पाठवतो आहे. – एक वाचक, शनिवार पेठ, सातारा

उत्तर : मामांनी रेकॉर्ड जपली झकास, पण ही १९६३ची नव्हे. ते साल गाणी पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं. तबकडी कारखान्यात कधी दाबली, हे त्यावरून ठरत नाही. आमच्या मिरजेत हा घोळ नेहमीचा. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, तरी त्यांची एल.पी. ‘खाँसाहेबांच्या वेळची’ म्हणून दाखवायला आणणारे भेटतात. अहो, एल.पी.च बाजारात आली १९४८ला, तीही अमेरिकेत!

तुमचा फोटो भिंगाखाली धरला. मधोमध बारीक अक्षरांत ओळ आहे : ‘सोल्ड इन यू.के. सबजेक्ट टू रिसेल प्राइस कंडिशन्स, सी प्राइस लिस्ट्स’. सगळी मेख इथेच. तिकडे कंपनी सांगेल त्याच भावाने दुकानदाराला माल विकावा लागे, एक पेनी कमी करायची सोय नाही. १९६४च्या रिसेल प्राइसेस अॅक्टने ही पद्धत मोडीत काढली. मात्र ज्या मालासाठी सूट मागून नोंदणी केली होती, त्याला कोर्टाचा निकाल लागेपर्यंत जुनी अट चालवता येत होती. पार्लोफोन छापाच्या रेकॉर्ड काढणाऱ्या ईएमआय कंपनीच्या लेबलांवर ही ओळ १९६४च्या उत्तरार्धात आली आणि १९६९च्या सुमारास गेली.

आता लेबलाच्या कडेने फिरणारा मजकूर वाचा. सुरुवात ‘द ग्रामोफोन कंपनी’ अशी आहे. १९६५च्या मध्यापर्यंत तिथे ‘द पार्लोफोन कंपनी’ असे. म्हणजे तुमची प्रत १९६५ ते १९६९मधली. अगदी पहिल्या प्रतींवर अक्षरं पिवळी नसून सोनेरी होती, आणि मोठी किंमत येते ती त्यांना. विक्रेत्यांना सोनेरी-पिवळ्यातला फरक ठाऊक नसेल, यावर माझा काही विश्वास बसत नाही.

ट्रंकेत भारतीय रेकॉर्डही असतील, तर कव्हरावर कमाल किरकोळ किमतीची ओळ आहे का बघा. वेष्टनबंद मालाचे नियम आपल्याकडे १९७७मध्ये आले, तेव्हा छापील ओळ असलेलं कव्हर बहुधा त्यानंतरचं. ‘सर्व करांसहित’ किंमत छापणं १९९०मध्ये सक्तीचं झालं, पण त्याआधीही तशी छापता येई, तेव्हा तेवढ्यावरून साल ठरवू नका. चिकटवलेल्या चिठ्ठीवर मात्र जाऊ नका. जुना साठा काढताना दुकानदार नवी चिठ्ठी डकवत, आणि ती नखाने सोलायला गेलात तर खालचा कागदही उचलून येतो.